जुन्या आउटबोर्डच्या फ्लायव्हीलवरची मूठ: पिन घट्ट, मूठ सैल

मूठ नवी बसवली आणि चार दिवसांत हातात आली, ही तक्रार घेऊन कोणी आलं की मी एकच विचारतो: स्क्रू आवळल्यावर मूठ पिनवर फिरत होती का? उत्तर बहुतेक वेळा असं येतं, ‘नाही, अगदी पक्की बसवली होती.’ तिथेच दुरुस्ती फसलेली असते.

होडीच्या मागे लावायच्या ज्या आउटबोर्ड मोटरींना ओढायची दोरी नसते, फ्लायव्हीलच्या, म्हणजे वरच्या जड चाकाच्या, कडेवर उभी असलेली लाकडी मूठ धरून चाक फिरवायचं असतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकीत १९०९ पासून बनलेल्या एव्हिनरूडच्या एका सिलिंडरच्या मोटरी हे त्यातलं सगळ्यांत ओळखीचं उदाहरण. इकडे विस्कॉन्सिनमध्ये तळ्याकाठच्या गराजांत त्या अजून निघतात, आणि निघतात तेव्हा मूठ बहुधा फुटलेली किंवा गायबच असते.

जातं पाहिलेल्याला ही रचना समजवावी लागत नाही. वरचा दगड म्हणजे फ्लायव्हील, खुंटा म्हणजे मूठ. मात्र जात्याचा खुंटा दगडात ठोकून पक्का केलेला असतो आणि आपला हात त्याच्याभोवती सरकतो. इथे लोखंडी पिन चाकात पक्की असते आणि तिच्यावर लाकडी मूठ मोकळी फिरते. मूठ पिनला चिकटली की काय होतं बघा. चाक वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, मूठ हातात स्थिर राहते, म्हणजे चाकाच्या हिशेबाने ती उलटी फिरते. मूठ जाम असेल तर ती पिनलाही उलटी पिळते, आणि उजव्या आट्यांची पिन त्याच दिशेने सुटते. तुम्ही दर वेळी मोटर चालू करताना स्वतःच्या हाताने पिन उघडत असता.

चाकात दुमडून बसणारी, स्प्रिंगवरची मूठ काही मोटरींना असते. ती वेगळी जात आहे, तिला हा लेख लावू नका.

आधी हे जमवा

फ्लायव्हील पुलर (चाक शाफ्टवरून ओढून काढायचं हत्यार), बॉलपीन हातोडी (दोन-अडीचशे ग्रॅमची पुरते, मोठी नको), सेंटर पंच, पिन पंच, बारीक कानस, व्हर्निअर कॅलिपर, आट्यांचा गेज, ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा. लेथ स्वतःचा नसेल तर पिन आणि मूठ करून देणारा टर्नर. जुनी पिन आणि मुठीचे तुकडे कितीही खराब असले तरी टाकू नका. नवं सगळं त्यांच्यावरूनच ठरणार आहे. आणि तीन-चार दिवसांची सवड. एका संध्याकाळीत उरकणारे लोकच चाक फोडतात.

टप्पा १: मोटर मुकी करा, मग मापं घ्या

स्पार्क प्लग काढून बाजूला ठेवा. बॅटरीवरची मोटर असेल तर तारा सोडा. मॅग्नेटोच्या मोटरीत (जिथे चाकातली चुंबकंच ठिणगीची वीज तयार करतात) चाक नुसतं हलवलं तरी ठिणगी पडू शकते, आणि सिलिंडरमध्ये जुन्या पेट्रोलची वाफ असते. प्लग काढल्याशिवाय चाकाला हात नाही.

आता फोटो काढा. मुठीची उंची, पिनचा व्यास, पिन चाकाच्या वर किती उभी आहे, खाली तिचं टोक दिसतं का, हे लिहून ठेवा. उरलेल्या तुकड्यांचं वजन करा. आत्ता फालतू वाटेल, टप्पा ६ ला उपयोगी पडेल.

पिन कोणत्या प्रकारची आहे तेही आत्ताच ठरवा. चाकाच्या खालच्या बाजूला पिनचं टोक ठोकून पसरवलेलं दिसलं तर ती रिव्हेटची. खाली काहीच नसेल किंवा आट्यांचं टोक दिसत असेल तर ती आट्यांची.

चाकाचा धातू ओळखायला चुंबक लावतात, ते ठीक. पण निकेलचा मुलामाही चुंबकाला थोडी ओढ देतो. खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी कानशीचा एक हात मारा आणि रंग पाहा. बीड करडं, पितळ पिवळं, ॲल्युमिनियम पांढरं आणि मऊ.

टप्पा २: चाक उतरवा

‘चाक न काढता होणार नाही का?’ नाही होणार. पिन ठोकताना प्रत्येक घाव क्रँकशाफ्टवर, म्हणजे चाक बसतं त्या दांड्यावर, आणि बेअरिंगवर जातो. मूठ वाचवायला जाऊन क्रँक वाकवणं हा महागाचा सौदा आहे.

नट सोडवण्याआधी आट्यांची दिशा डोळ्यांनी पाहून घ्या, अंदाजाने जोर लावू नका. नट सुटला की तो पूर्ण काढू नका. शाफ्टच्या टोकाशी समपातळीत ठेवा, म्हणजे पुलरचा दाब आट्यांवर येत नाही. चाक टेपरवर, म्हणजे शाफ्टच्या निमुळत्या टोकावर, बसलेलं असतं आणि शंभर वर्षं हललेलं नसतं. जोडावर गंज सोडवणारं तेल टाका आणि रात्रभर विसरून जा. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाका.

पुलर चाकाच्या मध्यभागी धरायचा. तिथे आट्यांची भोकं असतील तर त्यांतच बोल्ट घाला, नसतील तर मध्याखाली जाड पट्टी सरकवून ती ओढा. बाहेरच्या कडेला पुलरची नखं अडकवली की कड वाकते, बीड असेल तर तडकतेच. स्क्रूड्रायव्हरने खालून उचकटणंही तसंच.

थांबा: चाकात मॅग्नेटोची चुंबकं असतील तर हातोडी आणि गॅसची ज्योत दोन्ही दूर ठेवा. त्या काळच्या पोलादी चुंबकांची ताकद धक्क्याने आणि उष्णतेने उतरते. चाक निघताच चुंबकांच्या दोन टोकांना जोडणारी मऊ लोखंडाची पट्टी लावा, आणि वरून सगळ्यावर चिकटपट्टी मारा. ड्रिलिंगचा लोखंडी चुरा एकदा चुंबकाला चिकटला की सुईने वेचत बसावं लागतं. मी बसलो आहे.

शाफ्टवरची चावी (चाक आणि शाफ्ट यांच्या खाचेत बसणारा छोटा तुकडा) लगेच काढून डबीत टाका. ती घरंगळून हरवते ती हरवतेच.

टप्पा ३: भेग शोधा

हा टप्पा वगळला तर पुढचं काही करण्यात अर्थ नाही. पिनच्या भोकाभोवतीचा भाग स्वच्छ करा, रॉकेल लावा, अर्धा तास थांबा, कोरड्या फडक्याने पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरवा. भेग असेल तर तिच्यातलं रॉकेल पुडीत झिरपून ओली रेघ उमटते.

रेघ दिसली तर त्या चाकाची मोटर चालवायची नाही. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील. भोकाजवळ बिडाचं वेल्डिंग केलं की थंड होताना शेजारीच नवी भेग सुरू होते. असं चाक शोभेला ठेवा आणि दुसरं शोधा.

एवढं कशाला, हे आकड्यात सांगतो. पिन मध्यापासून १० सेंटिमीटरवर, मूठ आणि पिन मिळून १०० ग्रॅम, चाकाच्या मिनिटाला १००० फेऱ्या: अशा वेळी तो ऐवज सुमारे ११ किलोच्या जोराने बाहेर ओढला जात असतो. फेऱ्या दुप्पट झाल्या की ओढ चौपट. आणि हे सगळं होडीत बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर.

टप्पा ४: जुनी पिन काढा

रिव्हेटची असेल तर खालचं पसरलेलं डोकं कानशीने सपाट करा. बरोबर मध्यावर सेंटर पंच मारा. आता पिनच्या व्यासाहून किंचित मोठ्या ड्रिलने डोक्याच्या जाडीइतकंच खोल जा, त्यापुढे नाही. चाक खालची बाजू वर करून, पिनच्या जागी भोक पाडलेल्या लाकडी ठोकळ्यावर ठेवा आणि पिन पंचने पिन खाली ठोकून काढा. एका जोरदार घावापेक्षा दहा हलके घाव बरे. हलत नसेल तर डोक्याची कड अजून कुठेतरी अडकली आहे, पुन्हा पाहा. चुंबकांच्या चाकात ठोकायचं टाळून पिन पूर्ण ड्रिल करून काढलेली चांगली.

आट्यांची पिन आतच तुटली असेल तर आधी सेंटर पंच तिरका धरून कडेवर हलके ठोके देत उलटी फिरवून पाहा. अर्ध्या वेळा एवढ्यावरच निघते. ॲल्युमिनियमच्या चाकावर किटलीभर उकळतं पाणी ओता. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं आणि पकड ढिली होते. काम झालं की चाक लगेच कोरडं करा. तरीही नाही निघाली, तर मध्यावरून ३ मिलिमीटरने सुरुवात करून टप्प्याटप्प्याने ड्रिल मोठं करत जा, शेवटी आट्यांची पातळ कातडी उरते ती खेचून काढा. बोल्ट काढायचा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर मिळतो, त्याच्यावर जोर करू नका. तो इतका कडक असतो की तुटला तर त्याच्यावर ड्रिल चालत नाही.

ड्रिलबद्दल: बीड कोरडंच कापा. ॲल्युमिनियमला रॉकेल लावा. पितळात नवं धारदार ड्रिल एकदम आत ओढलं जातं आणि भोक फाडतं, म्हणून दोन्ही धारांवर तेलदगडाचा एकेक हात मारून त्या किंचित बोथट करा.

तपासा: भोक गोल आहे का? सैल पिनवर मोटर बरीच वर्षं चालली असेल तर ते लांबट झालेलं असतं. कॅलिपरने दोन दिशांना मोजा. फरक ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर रीमर (भोक साफ गोल करायचं हत्यार) फिरवून गोल करा आणि पिनची शेपटी, म्हणजे चाकात जाणारा भाग, त्या मापाची जाड करा. भोकात इपॉक्सी भरून पिन रोवणं ही दुरुस्ती नव्हे.

टप्पा ५: नवी पिन

इथे सगळ्यांत जास्त लोक दुकानातला बोल्ट कापून बसवतात. अमेरिकन मोटरीत आटे इंचाचे आहेत. ५/१६ इंचाचा व्यास ७.९४ मिलिमीटर, म्हणून ८ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट दोन आटे छान जातो, मग अडतो, आणि लोक पाना लावून पुढे रेटतात. अमेरिकन जाड आटे इंचाला १८, मेट्रिकचे सुमारे २०. रेटला की भोकाचे आटे गेले. भारतातल्या जुन्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा विटवर्थचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचा, बोल्ट आणखी फसवा: तोही इंचाला १८, सरळ आत जातो, पण त्याच्या आट्याचा कोन ५५ अंश, अमेरिकन ६०. धरतो, पण नीट बसत नाही, आणि थरथरीने सुटतो. गेज लावा, मगच टॅप किंवा डाय उचला.

पिन टर्नरकडून करून घेताना त्याला चार गोष्टी सांगा.

चाकाच्या पृष्ठभागावर टेकणारी कॉलर, म्हणजे पिनभोवतीची जाड कडी, हवी. नुसती सरळ सळई नको. सगळा भार कॉलरने पेलायचा असतो.

कॉलर आणि शेपटी जिथे मिळतात तो कोपरा काटकोनात कापू नये, अर्धा ते एक मिलिमीटर गोलाई ठेवावी. जुन्या पिना बघा, तुटलेल्या बहुतेक याच कोपऱ्यात तुटलेल्या असतात. गोलाई मावावी म्हणून भोकाच्या वरच्या तोंडालाही तेवढी कड मारावी लागते, नाहीतर कॉलर अधांतरी राहते.

रिव्हेटच्या पिनसाठी साधं मऊ पोलाद. ‘जास्त मजबूत’ म्हणून उच्च ताकदीचा बोल्ट वापरलात तर ठोकताना त्याचं टोक पसरण्याऐवजी चिरतं.

वरच्या टोकाला स्क्रूसाठी मध्यावर आटे. पिनचा जो भाग मुठीत जातो त्याची उंची मुठीच्या आतल्या बुशपेक्षा (भोकात बसवलेल्या धातूच्या नळीपेक्षा) अर्धा मिलिमीटर जास्त ठेवा. या अर्ध्या मिलिमीटरवर सगळी दुरुस्ती उभी आहे. स्क्रू आणि वायसर पिनच्या टोकावर आवळले जातात, लाकडावर नाही, म्हणून स्क्रू पूर्ण घट्ट आणि मूठ तरीही मोकळी.

टप्पा ६: मूठ

लाकूड घट्ट वीणीचं आणि पूर्ण वाळलेलं. इकडे मी मेपल वापरतो. भारतात शिसवी उत्तम. लाकडाची रेघ पिनला समांतर ठेवा, आडवी रेघ असलेली मूठ पहिल्या झटक्याला दुभंगते.

आधी भोक, मग खराद. आधी सुंदर मूठ खरादून मग भोक पाडायला बसलात तर ते मध्यावर येणं नशिबाचं काम. चौकोनी ठोकळ्याला भोक पाडा, पितळी बुश आत बसवा, मग मँड्रेलवर (भोकातून जाणाऱ्या लेथच्या सळईवर) चढवून बाहेरचा आकार द्या. बुश लाकडात इपॉक्सीने चिकटवायला हरकत नाही, गोंद तिथेच शोभतो. आतल्या बाजूला ओघळ येऊ नये म्हणून चिकटवताना मेण चोळलेली सळई आत ठेवा. पिनभोवती ०.१ ते ०.१५ मिलिमीटर मोकळीक पुरते. बुश न घालता लाकूड थेट पिनवर फिरवणार असाल तर मोकळीक ०.४ च्या आसपास हवी, कारण पाण्यावर लाकूड फुगतं.

वरच्या टोकाला स्क्रूचं डोकं आणि वायसर बुडेल इतकी खोलगट जागा करा. वर आलेलं डोकं तळव्याला टोचतं, नंतर कापतं.

एक मित्र सुट्टीत सावंतवाडीहून लाखेचा रंग चढवलेली मूठ करून घेऊन आला. देखणी इतकी की बसवायला जीव होईना. दोन आठवडे होडीवर राहिल्यावर पाण्याने लाख पांढरी पडली. ती आता कपाटात आहे, मोटरीवर जवसाच्या तेलाची साधी मूठ. तेलाचे पातळ हात द्या, प्रत्येक हात पुसून घ्या, दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या.

थांबा: जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं चुरगळून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात बुडवा किंवा बाहेर सपाट पसरून वाळवा.

आता काटा काढा. पिन, मूठ, स्क्रू, वायसर मिळून वजन जुन्याच्या जवळ, चार-पाच ग्रॅमच्या आत आणा. चाक घडवणाऱ्याने तोल मूळ मुठीचा धरून साधलेला असण्याची शक्यता असते. जड पितळी मूठ बसवणाऱ्यांच्या होडीची फळी का थरथरते, ते यावरून समजेल.

टप्पा ७: जोडणी, याच क्रमाने

आधी पिन चाकात, मग मूठ पिनवर. मूठ आधीच चढवून पिन ठोकायला घेतली की सगळा भार लाकडावर येतो आणि ते चिरडतं. अनेक जण हीच उलटी गंगा वाहवतात.

रिव्हेटची पिन: भोकाच्या खालच्या तोंडाला सुमारे दीड मिलिमीटर तिरपी कड मारा आणि त्या कडेत छिन्नीने दोन बारीक खाचा करा. पसरलेला धातू खाचांत शिरतो आणि पिन फिरू शकत नाही. चाक पालथं करा. पिनच्या वरच्या भागावर जाड पाइपचा तुकडा चढवून तो ऐरणीवर टेकवा, म्हणजे घाव कॉलर झेलेल आणि स्क्रूचे आटे वाचतील. चाकाच्या कडेखाली लाकडी ठोकळे द्या, पण पाइपच्या पातळीपेक्षा किंचित खाली. ते वर असतील तर कॉलर चाकाला टेकणारच नाही आणि पिन जन्मभर डुगडुगेल. ८ मिलिमीटरच्या शेपटीचा ४ ते ५ मिलिमीटर भाग बाहेर राहू द्या. हातोडीच्या गोल तोंडाने कडेकडेने, गोल गोल, हलके घाव. शेवटी कानशीने समपातळीत. चुंबकांच्या चाकाला हे घाव देऊ नका. त्यासाठी आट्यांची पिनच करून घ्या.

आट्यांची पिन: आटे थिनरने धुऊन कोरडे करा, निळं, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे सुटू न देणारा गोंद) लावा, कॉलर टेकेपर्यंत आवळा. लाल लावू नका. ते सोडवायला बरीच उष्णता लागते, आणि ती चुंबकांच्या चाकाला देता येत नाही.

मग मूठ, वायसर, स्क्रू. स्क्रूलाही निळं थ्रेडलॉकर. वायसरचं घासणं स्क्रूला त्याच सुटण्याच्या दिशेने ओढत असतं.

तपासा: स्क्रू पूर्ण आवळून मूठ बोटाने फिरवा. सहज फिरली पाहिजे, वर-खाली जेमतेम हलली पाहिजे. अडत असेल तर स्क्रू सैल करू नका. मूठ काढा आणि बुशची वरची कड कानशीने थोडी उतरवा.

टप्पा ८: चाक परत

शाफ्टचा टेपर आणि चाकाचा आतला टेपर स्वच्छ, कोरडे. तेल-ग्रीस काही नाही. टेपर घर्षणावर धरतो. चावी खाचेत बसवा, चाक सरळ वरून उतरवा. पूर्ण आवळण्याआधी चाकाच्या खाली, कॉइलच्या (ठिणगीच्या तारेच्या गुंडाळीच्या) वरच्या बाजूला मुलांच्या खेळातल्या चिकणमातीचा छोटा गोळा ठेवून चाक एकदा फिरवा, मग काढून बघा. पिनच्या टोकाखाली माती कापली गेली असेल तर टोक अजून घासावं लागेल. माती पूर्ण काढून मग नट आवळा.

टप्पा ९: पहिली सुरुवात

प्लग न लावता वीस-पंचवीस वेळा हाताने फिरवा, तेवढ्यात मूठ कशी बसली ते कळतं. मग प्लग लावा, मोटर पाण्याच्या पिंपात उभी करा, आणि ठिणगीचा दांडा (ठिणगी कधी पडावी ते ठरवणारा) मागे घ्या. दांडा पुढे राहिला तर चाक उलटा झटका देतं.

जुन्या जीपला हँडल मारलेल्यांना हे ठाऊक असेल: अंगठा मुठीभोवती वळवायचा नाही, चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. सिलिंडरमधल्या दाबाने चाक जड लागेपर्यंत आणायचं, एक झटका द्यायचा आणि हात लगेच मागे. चालू झाल्यावर मूठ दिसेनाशी होते, नुसतं धुरकट वलय उरतं. त्या वलयाच्या जवळ ओढणी, लांब बाही, गळ्यातली साखळी, डोरी असलेलं जॅकेट काही नको. बंद करायला मूठ पकडायची नाही, कधीच.

दोन मिनिटं चालवा, बंद करा, प्लगची तार काढा. पिन हलवून पाहा, स्क्रू पाहा, चाकाच्या खाली नजर टाका. मग दहा मिनिटं. मग तळ्यात एक फेरी, किनाऱ्याच्या जवळ. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर दर वेळी हेच तपासा. पुढे वर्षाला एकदा, मोटर हिवाळ्यासाठी ठेवताना, मूठ काढून पिन पुसा आणि बुशमध्ये मेणाचा हात फिरवा. ग्रीस नको, ते वाळू धरून ठेवतं.